ढब्बूने धुतलेलं लग्न

४ जून

व्याहीबुवांना नमस्कार,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलवत नाही, म्हणून लिहिते. परवा मी "डिस्क कधी पाठवता?" असं तीनदा विचारलं आणि तुम्ही तिन्ही वेळा "हो, हो, तब्येत उत्तम" म्हणालात. लॉन्ड्रीच्या यंत्रांपाशी जन्म गेल्यावर कानांनी राजीनामा दिला तर त्यांचा दोष नाही. पण पत्राला ते निमित्त चालणार नाही.

लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क मला हवी आहे. मुलं विमानाला निघताना घाईघाईत ती तुमच्याकडे ठेवून गेली. आधी तुम्ही पाहायचे, मग माझ्याकडे पाठवायचे, असं ठरलं होतं. फोटोग्राफरने त्याच्याकडचं सगळं पुसून टाकलंय आणि दुसरी कॉपी कुणी काढलेली नाही. म्हणजे माझ्या लेकीचं आणि तुमच्या लेकाचं अख्खं लग्न सध्या तुमच्या कपाटात आहे.

पुढच्या महिन्याच्या शेवटी दोघं सुट्टीवर येताहेत. त्याआधी आपल्या सगळ्यांचा एकत्र फोटो मोठा करून बैठकीत लावायचा आहे. खिळा ठोकून झाला, फ्रेमही आणली. सध्या तिच्यात दुकानदाराने नमुन्याला घातलेलं एक अनोळखी कुटुंब दात काढून हसतंय. शेजारच्या बाई काल विचारत होत्या, जावयाकडची मंडळी का म्हणून.

आणखी एक. फोटो सगळे पाहिलेत का? नसतील पाहिले तर मुद्दाम बसून पाहू नका, डोळ्यांना त्रास होतो. न पाहता पाठवलेत तरी चालेल. खरं तर न पाहताच पाठवा.

तुमची विहीण


१० जून
(लिहिलं, पण पाठवलं नाही)

विहीणबाई,

खरं तेच सांगतो. आधी ढब्बूबद्दल सांगावं लागेल.

ढब्बू म्हणजे चिरंजीवांचा लहानपणचा खेळाचा कॉम्प्युटर. टाइपरायटरएवढा, जाडजूड, पिवळा पडलेला. जुन्या टीव्हीला जोडला की चालतो. दुकान आता माणसं सांभाळतात, मी दुपारी घरी असतो, म्हणून मी त्याला माळ्यावरून खाली काढला. त्यात पाणबुड्याचा एक खेळ आहे. एवढासा पाणबुड्या समुद्रात उतरतो, मोती गोळा करतो, आठ हातांचा एक राक्षस त्याच्या मागे लागतो. तुम्हाला हसू येईल, पण मला त्या पाणबुड्याची फार काळजी वाटते.

अडचण फ्लॉप्यांची. म्हाताऱ्या झाल्या बिचाऱ्या. रोज एक कुरकुरते आणि राम म्हणते. मग जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांसाठी एकजण एक छोटी डबी बनवतो असं कळलं. ती ढब्बूच्या पाठीला लावायची, डबीला बाहेरून हार्ड डिस्क जोडायची, की सगळे खेळ एका जागी. मी डबी मागवली. हार्ड डिस्क कपाटात होतीच. मुलांची. एवढी मोठी डिस्क, फोटो राहतील एका कोपऱ्यात, खेळ राहतील दुसऱ्या, असा माझा हिशोब.

आमच्या दुकानात एकच कायदा आहे. खिसे तपासल्याशिवाय कपडा पाण्यात जात नाही. या कायद्यामुळे मी लोकांना किल्ल्या परत दिल्यात, अंगठ्या परत दिल्यात, एकदा तर दातांची कवळी परत दिली आहे. तेव्हा मी आधी ढब्बूला विचारलं, बाबा, या डिस्कमध्ये काय काय आहे? तो म्हणाला, काही नाही. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा काही नाही. मला वाटलं, मुलं घाईत फोटो भरायचेच विसरली. वाईटही वाटलं त्यांचं. मग ढब्बूने विचारलं, डिस्क खेळांसाठी तयार करू? मी हो म्हटलं.

डबीबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं. ते मी नंतर वाचलं. त्यात लिहिलंय की जुन्या कॉम्प्युटरला नव्या पद्धतीने भरलेलं काही वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याला तो रिकामं म्हणतो.

विहीणबाई, तुमच्या लेकीचं लग्न मी धुतलं. खिसे तपासून धुतलं.


१० जून

विहीणबाईंना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. डिस्क सुखरूप आहे, मी रोज पुसून ठेवतो.

फोटो पाहिले. काय सांगू तुम्हाला! एकेक फोटो म्हणजे बघत राहावं. मुलं छान, मंडळी छान, रोषणाई छान. आणि तुमचे फोटो तर विशेषच आलेत. इतक्या गडबडीत तुमचा चेहरा किती शांत! किती निवांत! आमच्या हिलाही मी म्हटलं, मुलीची आई असावी तर अशी. मी तर त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत क्षणभर टेकलो नव्हतो, सगळ्यांनी पाहिलंय.

पाठवायला जरा उशीर होईल. डिस्कच्या मापाचा खोका मिळत नाहीये.

तुमचा व्याही


१७ जून

व्याहीबुवा,

"शांत" आणि "निवांत" हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. टोमणा इतका गोड भाषेत मारता येतो हे मला माहीत नव्हतं.

पाहू नका म्हणून लिहिलं होतं, तरी पाहिलेत. बरं, पाहिलेत तर पाहिलेत. आमच्या विहीणबाईंनाही दाखवलात? आणखी कुणाकुणाला? दुकानातल्या माणसांना? गिऱ्हाइकांना?

आता एवढं करा. कुठला फोटो म्हणते ते तुमच्या लक्षात आलंच आहे, तेव्हा तो मला शब्दांत लिहायला लावू नका. तो तेवढा काढून टाका. पुसून टाका. लेकीच्या नजरेला पडता कामा नये. मग बाकीचे पाठवा. आणि खोका मिळत नसेल तर चपलांच्या खोक्यात घाला, पण पाठवा.

विहीण


२३ जून

विहीणबाईंना नमस्कार,

टोमणा? शपथेवर सांगतो, मनातसुद्धा नव्हतं. तुम्हाला टोमणा मारायला मला काय वेड लागलंय? लग्नात तुमचा आवाज ऐकलाय मी. माझ्या कानांनासुद्धा ऐकू आला होता.

तुम्ही म्हणता तो फोटो काढून टाकला आहे. अगदी खात्रीने सांगतो, त्याचा मागमूस राहिलेला नाही. तो आता कुणालाही दिसणं शक्य नाही. त्या बाबतीत तुम्ही बिनघोर राहा.

चपलांचा खोका शोधतो आहे. आमच्याकडे सगळे सँडल घालतात.

व्याही


३० जून

व्याहीबुवांना मनापासून नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. मागच्या वेळी फार तोडून लिहिलं, मनावर घेऊ नका. तुम्ही मोठ्या मनाचे आहात. फोटो पाहिलात, हसला नाहीत, एका शब्दाने विचारलं नाहीत आणि सांगितल्याबरोबर पुसून टाकलात. आता तुमच्याशी लपवाछपवी कशाला?

माझ्या जाऊबाईंनी लग्नानंतर मला सांगितलं, "फोटोग्राफरने तुमचा मस्त फोटो काढलाय हं. तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपलेला." तेव्हापासून मला घास गोड लागलेला नाही. फोटो मी पाहिलेला नाही, पण झोपले होते हे खरं. लेकीचे बाबा गेल्यावर सगळं एकटीने उभं केलं. आदल्या रात्री हॉस्पिटलात ड्युटी होती, सकाळी हॉल सजवायला उभी होते. जेवणं संपत आली तेव्हा पर्स सापडेना, ती शोधता शोधता एका खुर्चीवर टेकले आणि डोळा कधी लागला ते कळलंच नाही. पर्स नंतर तिथेच शेजारच्या खुर्चीवर मिळाली.

एक्स-रे काढण्यात माझी हयात गेली. हलू नका, श्वास रोखा, असं हजारो लोकांना सांगितलं. आणि स्वतःच्या लेकीच्या लग्नात स्वतःचंच ऐकून बसले. मुलीची आई लग्नात झोपली, ही काय सांगायची गोष्ट आहे? लेकीला वाटेल, आईला माझ्या लग्नाचं काहीच नव्हतं.

ते आता संपलं. तुमच्यामुळे संपलं. मुलं यायला अजून थोडे दिवस आहेत. सगळ्यांचा एकत्र फोटो तेवढा लवकर पाठवा. फ्रेममधल्या त्या अनोळखी कुटुंबाला आता निरोप द्यायचाय, त्यांच्यातल्या धाकटीशी माझी बरीच ओळख झालीय.

तुमची विहीण


५ जुलै

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचल्यापासून मला दुपारची झोप नाही. तुम्ही मला मोठ्या मनाचा म्हणालात. त्यापेक्षा चोर म्हणाला असतात तर मी एवढा हललो नसतो.

मी कुठलाच फोटो पाहिलेला नाही. तुमचा नाही, मुलांचा नाही, कुणाचाच नाही. "शांत, निवांत" हे मी आपलं असंच लिहिलं. बायकांना असं लिहिलं की बरं वाटतं, एवढाच माझा हेतू. तुमचा फोटो पुसला हे मात्र खरं. फक्त त्याच्याबरोबर बाकीचेही सगळे पुसले. सोबत मी तुम्हाला आधीच लिहून ठेवलेलं पत्र घातलंय, त्यात सगळं आहे. पाठवायचं धैर्य झालं नव्हतं.

आणि ते पत्र लिहून झाल्यावर मी काय केलं असेल? पाणबुड्या खेळलो. मन गुंतावं म्हणून. त्या दिवशी सगळ्यात जास्त गुण मिळाले. पहिल्या दहा जणांच्या यादीत आता दहाही नावं माझीच आहेत. एवढा नालायक माणूस तुमच्या लेकीचा सासरा आहे.

मुलांना सांगायचं मी माझ्या अंगावर घेतो. तुम्ही काही बोलू नका. डिस्क चपलांच्या खोक्यातून पाठवतो आहे, तुम्हाला वाटलं तर नाल्यात टाका. लेकीला घरच्या भिंतीवर लग्नाचा एकही फोटो दिसणार नाही आणि तो माझ्यामुळे दिसणार नाही, हे मला सहन होत नाही.

तुमचा अपराधी व्याही

ता. क. मी ह्यांची बायको. मला आज कळलं. यंत्राची वायर काढून मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली आहे. तुम्ही हवं तेवढं रागवा, उरलेलं मी बघते.


१३ जुलै

व्याहीबुवा,

रागावून झालं. दोन दिवस लागले. मधे ड्युटी होती, नाहीतर एका दिवसात उरकलं असतं. तुमच्या "मोठ्या मनाबद्दल" मानलेले आभार परत घेते आहे.

आता मुद्द्याचं. डिस्क मी नाल्यात टाकलेली नाही. आमच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक मुलगी आहे, तिच्याकडे दिली. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. कवळीपर्यंत ती नीट ऐकत होती, पुढे हसून हसून तिला ठसका लागला. मग म्हणाली, तुमच्या त्या ढब्बूला एवढी मोठी डिस्क झेपतच नाही. त्याला तिचा सुरुवातीचा इवलासा तुकडा दिसला असणार आणि त्याने तेवढाच खेळांसाठी घेतला असणार. तुमच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही अख्खा कोट धुतलात असं तुम्हाला वाटतंय, पण ओली झालीय फक्त कॉलर. बाकीचं आत असेल, फक्त कुठे काय आहे याची खूण पुसली गेलीय. एकेक करून शोधून काढावं लागेल. किती मिळेल ते तिला सांगता येत नाही.

आणि एक ऐका. खिसे तपासलेत म्हणून तुम्ही स्वतःला फार कोसू नका. पण आमच्या विभागात कुणी "काही दिसत नाही" म्हणालं तर आम्ही "काही नाही" असं लिहून देत नाही. कूस बदलायला लावतो आणि दुसऱ्या बाजूने फोटो काढतो. ढब्बूला कूस बदलता येत नाही, तुम्हाला येत होती.

मुलांना एवढ्यात काही लिहू नका.

विहीण


१८ जुलै

विहीणबाई,

कॉलर! मी हा शब्द दिवसातून कितीदा म्हणतो आहे ते आमच्या हिला विचारा. दुकानात एकाने कोट आणला, त्याच्या कॉलरवरून मी इतका प्रेमाने हात फिरवला की तो बिचारा कोट घेऊन परत निघाला होता.

त्या मुलीला सांगा, तिच्या घरचे कपडे आजन्म माझ्याकडे. लांब पडत असेल तर मी आणायला येतो.

तुम्ही दोन दिवसच रागावलात हे मला पटलेलं नाही. उरलेला राग असेल तर तोही पाठवून द्या, मी घरीच असतो. फक्त फोटोंचं काय झालं ते कळवा. एका ओळीत कळवलंत तरी पुरे.

व्याही


२ ऑगस्ट

व्याहीबुवांना नमस्कार,

एका ओळीत मावणार नाही.

मुलं येण्याच्या आदल्या संध्याकाळी ती मुलगी डिस्क घेऊन घरी आली. जवळजवळ सगळे फोटो मिळाले. क्रम पार विस्कटलाय. आधी सगळे जेवताहेत, मग पाहुणे घरी जाताहेत, मग लग्न लागतंय, असं दिसतं. पण मुलं आहेत, माणसं आहेत, रोषणाई आहे. मी तिच्यासमोरच रडले. ती मला म्हणाली, "मॅडम, हलू नका, अजून पुढे आहे." माझंच वाक्य मला ऐकवलं.

पुढे होतं ते असं. सुरुवातीचे काही फोटो मिळाले नाहीत, कारण त्यांच्यावर तुमचे खेळ जाऊन बसले होते. त्यातच आपला सगळ्यांचा एकत्र फोटो गेला. तो ज्या जागी होता तिथे काय निघालं, सांगू? तुमची यादी. पहिले दहा, आणि दहाही तुम्हीच. म्हणजे फ्रेमसाठी माझ्याकडे दहा व्याही आहेत, बाकी घर नाही.

आणि माझा तो फोटो मिळाला. मिळायलाच हवा होता, नाही का? अगदी स्वच्छ, एक डाग नाही. मी तो तिथल्या तिथे पुसून टाकणार होते. बटणावर बोट होतं. मग नीट पाहिलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत तुम्ही आहात.

होय, तुम्हीच. दिवसभरात क्षणभर न टेकलेले. तोंड माझ्यापेक्षा मोठं उघडलंय. मान माझ्या खांद्यावर आहे. आणि मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, माझी पर्स आहे! खुर्च्या मोजताना मीच तुमच्या हातात दिली असणार आणि विसरले असणार. तुम्ही ती झोपेतसुद्धा सोडलेली नाही. आपल्या पाठीमागे हॉल रिकामा झालाय, एकजण झाडू मारतोय, आणि आपण दोघं एकमेकांना टेकून लग्न संपवलंय.

पुसला नाही. हात उठला नाही माझा.

दुसऱ्या दिवशी मुलं आली. मी सगळं सांगून टाकलं, ढब्बू, खिसे, कॉलर सगळं. तर जावई विचारतात काय, "बाबांनी राक्षसाला चुकवून शेवटचा मोती कसा काढला? मला लहानपणी कधी जमला नाही." तेव्हा तुम्हाला माफी आहे, एवढं कळवते. पण ते रहस्य त्यांना सांगावं लागेल.

लेकीने मात्र तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला. मला वाटलं, आता म्हणेल, आई, माझ्या लग्नात तू झोपलीस. ती म्हणाली, "आई, मी तुला झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. मी शाळेत जाताना तू ड्युटीवरून यायचीस, मी झोपताना तू निघायचीस. त्या दिवशी तुझं सगळं काम संपलं होतं, म्हणून तू झोपलीस." आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती स्वतःच झोपली, प्रवासाने दमली होती. पाय बधिर झाले तरी मी हलले नाही.

आता खिळ्यावर तोच आहे. ते अनोळखी कुटुंब कपाटात गेलं. शेजारच्या बाईंनी काल विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, आमचे व्याही, त्यांच्याकडे वस्तू विश्वासाने ठेवायला द्यावी.

परवा मुलं तुमच्याकडे निघताहेत. विहीणबाईंना सांगा, वायर कुलपातून काढून ठेवा.

तुमची विहीण


७ ऑगस्ट

विहीणबाईंना नमस्कार,

मुलं पोचली. वायर मिळाली. बापलेक दोन दिवस ढब्बूसमोर मांडी ठोकून आहेत आणि यादीतल्या दहांपैकी चार नावं आता माझी नाहीत. सूनबाई जास्त बिलंदर निघाली. मोती काढते आणि राक्षसाकडे बघून तुमच्या आवाजात म्हणते, "हलू नका!"

मी त्या दिवशी क्षणभर टेकलो नव्हतो, असं सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. मुलाने फोनवर फोटो दाखवला. आमच्या हिने चष्मा लावून पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला. मला वाटलं, आता सुरू होणार. तर म्हणते, "दोघांनाही इतकी गाढ झोप लागली म्हणजे पोरांच्या संसाराची काळजी नव्हती कुणाला." आणि स्वतः जाऊन हातोडी घेऊन आली.

आमच्याही भिंतीवर खिळा ठोकून झालाय, तुमच्यासारखाच बैठकीत. तोच फोटो आम्हालाही मोठा करून हवा आहे. लवकर पाठवा.

पण एक विनंती आहे. डिस्कवर नको. कागदावर पाठवा.

तुमचा व्याही